पायताण भाईर

मित्रांनो, जेवण झाल्यावर तुमचे आजोबा चुना लावून जे हिरवं पान गालात धरतात ना, ते माझं. मी एक जुनी पानवेल आहे. कुणी नागवेल म्हणतं, कुणी विड्याची वेल म्हणतं. नावाबद्दल माझी काही तक्रार नाही. सध्या माझा मुक्काम तासगावच्या बाजूच्या एका गावात, अंजनाबाईच्या परसात, हादग्याच्या झाडावर आहे. खाली मोरीचं पाणी, वर हादग्याची सावली. म्हातारपणाला एवढं पुष्कळ झालं. माझं पान तिखट आहे आणि जीभही तिखटच आहे. तेव्हा सांगता सांगता एखादा शब्द झोंबला, तर चुना जरा जास्त पडला असं समजा आणि ऐकून घ्या.

माझं वय मात्र विचारू नका. आंब्याची कोय पेरली की नवा आंबा उगवतो. माझं तसं नसतं. माझ्या शेंड्याकडची चार पेरांची कांडी कापायची, दोन पेरं ओल्या मातीत दाबायची, दोन वर ठेवायची आणि तिला ऊन म्हणून लागू द्यायचं नाही. थोड्याच दिवसांत पेराला पांढऱ्या मुळ्या सुटतात, वरचा डोळा फुटतो आणि वेल चालू लागते. ती माझी लेक नव्हे बरं का, ती मीच! अशी कांडीकांडीनं मी किती मळे फिरले असेन, देवाला ठाऊक. या गावात मी आले ती कुंडलहून, ओल्या पोत्यात गुंडाळून, बैलगाडीतनं. आणलं ते अंजनाबाईच्या सासऱ्यानं. तो बिचारा नंतर लवकर गेला, पण मळा असा लावून गेला की बघत राहावं.

माझ्याआधी सावली पेरावी लागते. सासऱ्यानं अगोदर शेवरी पेरली, मधनंमधनं हादगा आणि पांगारा लावला. ती झाडं माणसाच्या डोक्यावर गेली, तेव्हा कुठं मला त्यांच्या बुंध्याशी जागा मिळाली. चारी बाजूंनी पाचटाचा कूड घातला, म्हणजे वारा अंगावर येणार नाही. विहिरीवर मोट चालायची, पाटानं गार पाणी यायचं. पेंडीचं खत तर तुमच्या घरच्या लाडूसारखं मिळायचं. लव्हाळ्यानं मला शेवरीला हलकेच बांधायचे. लाड लाड ते किती!

पण वर्षातनं एकदा उतरण असायची. मी चढत चढत हाताबाहेर गेले की माझे सगळे बांध सोडायचे, मला खाली उतरवायचं, माझ्या जुन्या दांड्याचं वेटोळं करून ते बुंध्याशी मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा पुन्हा झाडाला बांधायचा. वर्षभर चढायचं आणि एका दिवसात जमिनीवर! पहिल्या उतरणीला मला वाटलं, आपला कारभार आटोपला. पण मातीत गेलेल्या माझ्या एकेका पेराला नवी मुळी फुटली आणि मी दुप्पट जोमानं निघाले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

पानमळ्याचे दोन नियम होते. पहिला, मळ्याच्या तोंडाशी पायताण काढायचं, पाटात पाय खळबळून धुवायचे, मगच आत. मग तो पाटील असो नाहीतर पाव्हणा. दुसरा नियम बायकांना. महिन्याच्या चार दिवसांत, विटाळ म्हणून, बाईनं मळ्यात पाऊल ठेवायचं नाही. यातला एक जरी मोडला तरी मळा बसतो, म्हणजे जळून जातो, असं सगळा गाव मानायचा. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर सांगितलं असतं. दुसऱ्या नियमात मला कधीच काही अर्थ दिसला नाही. पहिला मात्र सोळा आणे खरा. मर लागलेल्या मळ्याची माती पायताणाला चिकटून आली, की आमची मुळं कुजलीच म्हणून समजा. मर हा आमचा प्लेग आहे.

सासऱ्याचा एकुलता एक मुलगा नाथाजी. तो माझ्याच सावलीत रांगला. मोठा झाला, अंजनाशी त्याचं लग्न झालं, आणि एक्केचाळीस साली तो पलटणीत भरती झाला. त्या वेळी आमच्याकडं घरटी एखादा तरी गडी लढाईवर गेला होता. जायच्या दिवशी तो मळ्यात आला. पाय धुतले, आत आला, माझं एक पान हातात धरून उभा राहिला. खुडलं नाही, नुसतं धरलं.

"अंजने," तो म्हणाला, "मळा तुझ्या वटीत घालतुया. मी येईस्तवर जगीव."

"जगीवती," ती म्हणाली. "तुमी या म्हंजे झालं."

मी ऐकत होते. नाथाजी परत येईपर्यंत आपण हिरवं राहायचं, हा विडा त्या दिवशी अंजनानं उचलला आणि मीही उचलला.

मळ्याचं काम सोपं नसतं. पान खुडायला अंगठ्यात लोखंडी नखी घालतात, शिडीवर चढून एकेक पान देठासकट अलगद तोडतात. हे काम करणाऱ्याला खुडेकरी म्हणतात. आमचा खुडेकरी तात्याबा, पिकल्या मिशांचा, घरच्यासारखा माणूस. त्यानं अंजनाला नखी चालवायला शिकवलं. गावात ही बोंब! सासू बनुबाई तर कपाळाला हात लावून म्हणाली, "शिडीवर चढून पानं खुडणारी सून मी पैल्यांदाच बघतीया, बाई!" पण रोज दुपारी जेवण झालं की त्याच पानाचा विडा बनुबाईच्या तोंडात असायचा.

आणि ते चार दिवस आले, की अंजना कुडाच्या बाहेर विहिरीच्या काठावर बसून तिथनं ओरडायची.

"तात्याबा, तिसऱ्या वाफ्यात पानी तुंबलंय, बघा जरा!"

"आगं, मला हितं आत हुबं राहून दिसंना, आन तुला भाईरनं कसं दिसतंय?"

"वास येतुया!"

"कुतरं हाईस का मानूस?" असं पुटपुटत तात्याबा जायचा, आणि पाणी तुंबलेलंच असायचं. मला हसू यायचं. तिची माझ्यावर नजर असायची, कुडाच्या आत असो की बाहेर.

एका चैत्रात वळवाच्या पावसाबरोबर मोठी वावटळ आली. शेवरीची रांगच्या रांग आडवी झाली आणि मी चिखलात उघडी पडले. नेमके तिचे ते दिवस होते. ती धावत आली आणि कुडाशी थांबली. पाऊस अंगावर घेत कूड दोन्ही हातांनी धरून ओरडत होती, "आधी तिची मान सोडवा, तात्याबा! मान मोडंल तिची!"

तात्याबा एकटा. तो म्हणाला, "ये की गं आत! कोन बघतंय हितं? देवाची माफी मी मागतो."

"कुनी बघू नगं," ती रडत म्हणाली. "मला तर ठावं हाय की."

आली नाही ती. बाई, ये गं, असं मी मनात म्हणत होते, तिच्या हाताची मला आस लागली होती, पण तिनं एक पाऊल आत टाकलं नाही. निम्मा मळा तात्याबानं वाचवला, निम्मा पुन्हा लावावा लागला. त्या वर्षीच्या लावणीत तिनं माझी एक कांडी घरामागं परसातही लावली, हादग्याखाली, ओलं पोतं आडवं बांधून. म्हणाली, सासूबाईच्या पानाची घरीच सोय.

लढाई संपली. नाथाजी येणार असा सांगावा आला. अंजनानं मळा असा राखला होता, की पानं नुसती तळहाताएवढी! सेहेचाळीस सालच्या त्या दुपारी तात्याबा भाकरी खायला गेलेला, अंजना घरी पुरण वाटत बसलेली, आणि पाट नुकताच वाफ्यांतनं फिरलेला. तेवढ्यात खाड खाड आवाज आला. नाथाजी! अंगावर खाकी, पायात पलटणीचे खिळ्यांचे बूट. मोटारीतनं उतरून घरी जायच्या आधी माझ्याकडं आला होता. कुणाला आनंद होणार नाही?

तो तसाच आत शिरला. पानांत तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला. "गुंड्याचा मळा बसला," तो माझ्याशीच बोलत होता. "आत्ता त्येच्या मळ्यात जाऊन आलो, सगळा चिखूल नि कुजका वास. पर माजी बघा कशी डोलतिया!" गुंडा हा त्याचा बाळमित्र, वरच्या अंगाला, वाटेवरच त्याचा मळा. आणि तिथला तो कुजका चिखल नाथाजीच्या बुटांना चिकटून माझ्या तिसऱ्या वाफ्यात आला होता. मला त्याचा वास आला. मी काय करणार? मला तोंड नाही.

मग त्याचं लक्ष पायांकडं गेलं. तो दचकला, उड्या मारत बाहेर पळाला, बूट काढले, पाय धुतले, इकडंतिकडं बघितलं आणि बूट हातात घेऊन घरची वाट धरली.

संध्याकाळी अंजना आली. ओल्या वाफ्यात खिळ्यांचे ठसे उमटलेले. ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "थेट हिकडंच आलं व्हय धनी," ती मला म्हणाली. आणि खाली बसून तिनं ते ठसे स्वतःच्या हातानं पुसून टाकले, माती सारखी केली. उद्या कुणी बघितलं असतं तर चार माणसांत नवऱ्याची मान खाली गेली असती ना! गावानं त्याच दिवशी वेशीत हार घालून त्याला मिरवलं होतं.

पावसाळा लागला आणि तिसऱ्या वाफ्यातली माझी पानं पिवळी पडू लागली. जमिनीलगत दांडा काळा पडला. मग चौथा वाफा, मग पाचवा. मर! बघता बघता मळा मान टाकू लागला आणि गावात कुजबूज सुरू झाली. घरात बाप्या माणूस नव्हता, सगळं एका बाईच्या हाती, मग दुसरं काय होणार?

बैठक मळ्याच्या तोंडाशीच बसली. भावकीतले थोरले आप्पासो आले, आणखी तिघे-चौघे आले. सगळ्यांची पायताणं कुडाशी ओळीनं काढलेली, आणि त्यांत नाथाजीचे ते बूटही. बनुबाई एका बाजूला, अंजना डोक्यावर पदर घेऊन विहिरीपाशी उभी.

आप्पासोंनी घसा खाकरला. "नाथा, पायताण घालून कुनी आत गेलंतं का?"

मित्रांनो, सगळं त्या एका प्रश्नावर आलं होतं. 'व्हय, मी गेलतो' एवढं म्हणायचं होतं. माणसं चार शब्द बोलली असती, मळ्याला नारळ फोडायला लावला असता आणि आपापल्या घरी गेली असती. अंजना त्याच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. तो बोलणार याची तिला खात्री होती. मलाही होती.

"न्हाई," नाथाजी म्हणाला.

"मग एकच ऱ्हायलं," आप्पासो म्हणाले. "सूनबाई, चुकून कवा विटाळात आत गेलतीस का? खरं सांग, कुनी खात न्हाई तुला."

"न्हाई," ती म्हणाली.

तात्याबा उठला. "आप्पासो, म्या साक्षीला हाय. वावटळीत मळा पडला तवासुदिक ही पोर आत आली न्हाई. भाईर हुबी राहून रडत हुती."

"तू चाकर मानूस, तात्याबा. धन्याच्या घरचं तू काय वंगाळ सांगनार?" त्याला खाली बसवलं.

अंजना अजूनही नवऱ्याकडंच बघत होती. तो बुटांकडं बघत होता. तिला सांगता आलं असतं. पण ठसे तर तिनंच पुसले होते, आणि शिवाय चार वडीलधाऱ्यांपुढं नवऱ्याला खोटं पाडायचं तिच्या जिभेवर येईना. तो बोलेल, अजून बोलेल, म्हणून ती थांबली. तो बोलला नाही. गोळ्यांना न भ्यालेला गडी चार म्हाताऱ्यांना भ्याला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आजपासनं अंजनानं मळ्यात पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. बनुबाई तेवढ्यात म्हणालीच, "तरी मी म्हनत हुते, शिडीवर चढू नगं." ज्या हातांनी ठसे पुसले होते ते हात अंजनानं पदराखाली घेतले आणि ती घराकडं चालू लागली.

मला त्या दिवशी जेवढं दुःख झालं तेवढं मर लागल्यावरही झालं नव्हतं. ज्याच्यासाठी आम्ही दोघी हिरव्या राहिलो, त्यानंच आमच्या तोंडाला पानं पुसली. केसानं गळा कापला म्हणतात ना, तसंच झालं हे. पुढच्या उन्हाळ्यात नाथाजीनं मळा खणून काढला, शेवरी तोडली आणि ऊस लावला. उसाला सावली लागत नाही.

पण परसातली कांडी होती की! ती मीच होते. परस म्हणजे काही मळा नव्हे, तेव्हा तिथं कुणाचा नियम नव्हता. अंजना मला रोज पाणी घालायची, त्या चार दिवसांतही घालायची, हातानं माझे शेंडे बांधायची. आणि मी वाढले! हादग्याच्या शेंड्यापर्यंत गेले. माझं एक पान सुकलं नाही. बनुबाई तीच पानं खायची आणि वर म्हणायची, "पान लय रसाळ हाय गं." अंजना ऐकून घ्यायची. नवऱ्याशी ती कामापुरतंच बोलायची. एक नियम मात्र तिनं परसालाही लावला होता, पायताण भाईर.

दोन-तीन वर्षांत आसपासचे सगळे मळे मरीनं बसले. जुन्या कुंडलच्या वाणाचं बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, उरलं ते या परसातच. एकोणपन्नास साली एका सकाळी नाथाजी उसातनं परसाच्या कोपऱ्याशी आला. पायात तेच बूट.

"पायताण भाईर," अंजना मागं न बघता म्हणाली.

त्यानं घाईघाईनं बूट काढले. "अंजने, मळा परत घालावा म्हनतुया. बेणं दे ह्येचं."

"देती की," ती लव्हाळं बांधत म्हणाली. "पर आधी आप्पासोंच्या म्होरं जाऊन सांगा, बूट कुनाचं व्हतं ते."

नाथाजीचा चेहरा पांढरा पडला. "तुला... कवापास्नं ठावं हाय?"

"तुमी आलासा त्या दिवसापास्नं. ठसं म्याच पुसलं, ह्या हातानं. गावात तुमची मान खाली जाऊ नगं म्हनून."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलशीला म्हनून वाट बघितली. लढाईवरनं याची बघितली तशीच."

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. मग म्हणाला, "झालं गेलं मातीत घाल की आता."

अंजनानं तेव्हा कुठं मान वर केली. "आवं, पानमळ्यात जलम गेला तुमचा. मातीत घातलेलं मरतंय व्हय? पेरापेराला मुळ्या फुटत्यात त्येला!"

मागल्या दारात बनुबाई उभी होती, हातात अडकित्ता. तिनं सगळं ऐकलं होतं. "नाथा, बुटं घालून तू गेलतास?" तिनं विचारलं. त्यानं मान खाली घातली. म्हातारी मटकन उंबऱ्यावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता तरी! आता ही म्हातारी काठी टेकत आप्पासोंकडं जाईल आणि माझ्या सुनेवर आळ घेतलात म्हणून भांडेल.

बनुबाईनं पदरानं डोळे पुसले. "पोरी, चुकलं आमचं," ती म्हणाली. "पर घरातलं घरात ऱ्हाऊ दे, बाई. बाप्या मानसाची अब्रू हाय."

"आळ चार मानसांत घेतला, आत्याबाई," अंजना म्हणाली. "आन खरं तेवढं परसात?"

बनुबाई उठून आत गेली. नाथाजीनं बूट उचलले आणि तो उसाकडं निघून गेला. आप्पासोंकडं गेला नाही. अंजनानं त्याला एक कांडी दिली नाही.

पण मित्रांनो, बेणं तिनं साठवून ठेवलं नाही. आठवडाभरात गुंडा आला, आपला बसलेला मळा पुन्हा लावायला. अंजनानं माझ्या शेंड्यांच्या कांड्या कापल्या, ओल्या फडक्यात बांधल्या आणि त्याच्या हाती देत म्हणाली, "भावजी, सावली आधी करा, पानी तुंबू देऊ नगा, आन पायताण भाईर. आमच्याकडं एकानं काढलं न्हाई. मळा गेला, आन आळ माज्यावर आला." गुंडा तिच्याकडं बघत राहिला, मग त्यानं वळून उसाकडं बघितलं. शेवटी त्यानं कांड्या कपाळाला लावल्या.

त्याच्यामागनं दुसरे आले, तिसरे आले. आप्पासोंनीही आपला माणूस पाठवला. अंजनानं त्याला परत पाठवलं आणि निरोप दिला, बेणं पाहिजे तर स्वतः यावं. आप्पासो आले. परसाच्या कोपऱ्यावर चपला काढून, अनवाणी उभं राहून त्यांनी तेच शब्द ऐकले, एक शब्द कमी नाही. जो कुणी कांडी नेतो, त्याच्याबरोबर तिचं हे बोलणं जातं. तो एक कोण, ते ती कधी सांगत नाही. सांगावं लागत नाही.

आज या पंचक्रोशीत जिथं पानमळा दिसेल तिथं मी आहे. नाही ती फक्त नाथाजीच्या रानात.

तेव्हा पोरांनो, पानमळ्यापाशी आलात तर एवढं करा. चपला बाहेर काढा, पाय धुवा, मग खुशाल आत या. मुलगी असाल तर कुठल्याही दिवशी या, माझं काही बिघडत नाही. आणि कधी चुकून चपला घालून आत आलात, तर निदान बाहेर जाऊन सांगा की मी गेलो होतो. एका कांडीवरनं मी पुन्हा उगवते, मला त्याची सवय आहे, माणसांना नाही. अंजनाबाई आजही मला रोज पाणी घालते, बनुबाईच्या ताटाशी पानही ठेवते, पण बनुबाई आता ते रसाळ आहे असं म्हणत नाही.